जादूघराचे दोन खांब

भंडाऱ्यात फ्रीमेसन या इंग्रजांच्या काळातल्या गुप्त मंडळाचं एक जुनं लॉज, म्हणजे सभागृह आहे. आम्ही त्याला जादूघर म्हणतो. बाजूंना खिडक्या नाहीत, आत काळ्या-पांढऱ्या फरशीचा पट, दाराशी दोन सुटे खांब. आमचा सानगडीचा सुखराम गवंडी चुन्याच्या डागडुजीला तिथे गेला, तेव्हा मीही सोबत होतो. चुन्यात बेलाचा गर मुरवणारा तो शेवटचा माणूस.

ठेकेदार म्हणाला, "बुढा, हे खांब पाड. त्यायच्यावर काहीच वजन नाही. दार रुंद करू."

"तुह्या गळ्यातली चेन कोणतं वजन उचलून राहिली?"

"पाडत नसशीन तं दुसरा गवंडी आणतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सुखरामने मात्र पिशवीतून ओळंबा काढला आणि खांबाला लावला. वरपासून खालपर्यंत दोरीचं अंतर तसूभरही बदललं नाही. "आता आंगणातल्या तुह्या नव्या भिंतीले लावतो. ती अशीच सरळ निघाली, तं पाडतो."

भिंत दोन बोटं कलली होती. मजूर हसले आणि एकानेही घण उचलला नाही.

खांब वाचले. सुखरामला मात्र दुसऱ्या दिवसापासून काम बंद. वाकडी भिंत बांधणारा अजून ठेकेदारच आहे, सांगा.