चंपाची गाठ, मंजुळाचं यंत्र

काल गोष्ट सांगताना मी चंपाला गोठ्यात बसवून जेवायला उठलो, आणि मग डोळाच लागला. आता आधी तिला बाहेर काढतो.

तर चंपा आत, दाराला आतून कडी. बाहेर अंगणात मंजुळा, खांद्याला मुंबईची पिशवी तशीच. पोलादपूरच्या स्टँडावर उतरून तडक चालत आलेली, पाणीसुद्धा प्यालेली नाही. चंपा ही माझी लेक. दासगावला दिली होती, नवरा वारल्यावर परत माझ्याकडे आली. तेव्हापासून घर तीच चालवते, आणि मलाही तीच चालवते. मंजुळा माझी नात, थोरल्या काशीरामची मुलगी. साल त्र्याऐंशी, भात नुकतं झोडून झालेलं.

चंपाच्या छातीत सुपारीएवढी गाठ आली होती. बाईनं कुणाला सांगितलं नाही. अंग दुखतं म्हणून महाडजवळच्या सव गावाला गेली, गरम पाण्याच्या कुंडात बसून आली. पुन्हा गेली. गाठ होती तशीच. शेवटी काशीरामच्या बायकोला कळलं, तिनं मुंबईला निरोप धाडला, आणि पोरगी आत्याला दवाखान्यात न्यायला आली. त्याबरोबर आत्या गोठ्यात.

“आत्या, दार उघड.”

“नाय उघडत. तिकडं चाकू लावतात.”

“लावणारच. गाठ काढून बघितल्याशिवाय कळत नाय ती कसली हाय.”

“मग तू इतकी वर्षं मुंबईत काय करतेस गो? तुझ्या यंत्रावर कॅन्सर कळतो ना? मग घाल मला यंत्रात!”

आता यात चंपाचं काही चुकलं नव्हतं. आमच्या मंजुळानं कॅन्सरचं यंत्र काढलं, असं वाडीनं पोलादपूरपासून महाडच्या बाजारापर्यंत सांगून ठेवलं होतं. सगळ्यांत मोठ्यानं कोण सांगत होतं ते विचारू नका. ती मुंबईत एका संशोधन संस्थेत पीएच.डी. करत होती. म्हणजे डॉक्टरच, पण सुई न टोचणारी. आमच्या वाडीतून पदार्थविज्ञानाला गेलेली ती पहिलीच. मी स्वतः चौथी पास, तेव्हा पदार्थविज्ञान म्हणजे स्वयंपाकाचं शिक्षण असणार, अशी माझी बरेच दिवस समजूत होती आणि मी मनातून खूश होतो.

ही मुलगी लहानपणापासून अशी. आंबेनळीच्या घाटात मला वाघ आडवा आला होता, ती गोष्ट मी पोरांना सांगायचो. बाकीची पोरं घाबरून एकमेकांना चिकटायची. ही म्हणायची, “आजा, गेल्या वेळी वाघ बसलेला होता. आज उभा कसा?” मी म्हणायचो, “अगो, मला बघून उठला.” तर म्हणे, “मग तू पळालास ते तो उठायच्या आधी, का नंतर?” अशा पोरीपुढं गोष्ट सांगणं म्हणजे कोर्टात साक्ष देणं. शेवटी तो वाघ बिबट्यावर आला, आणि बिबट्याही लांबूनच दिसला, इथवर मी तडजोड केली.

असो. मंजुळा गोठ्याच्या दाराला टेकून बसली आणि आतल्या बाईला समजावायला लागली.

“आत्या, ऐक. माझ्या यंत्रात माणूस मावत नाय. लोखंडाचे हे मोठे दोन लोहचुंबक समोरासमोर हायत, नि मधी जागा करंगळीएवढी. त्यात काचेची नळी जाते, नि नळीत काढलेल्या गाठीचा तुकडा. अंगात सगळीकडं पाणी असतं ना? त्या तुकड्यातल्या पाण्याला रेडिओच्या लहरीनं हलकासा धक्का द्यायचा, नि ते परत ठिकाणावर यायला किती वेळ घेतं ते मोजायचं. कॅन्सरच्या गाठीतलं पाणी उशिरा ठिकाणावर येतं.”

आत म्हैस हंबरली. मग चंपाचा आवाज आला.

“म्हणजे पाण्याला दचकवायचं?”

“दचकवायचं नि वाट बघायची.”

“मला कुणी दचकवलं तर मी दिवसभर जाग्यावर येत नाय. म्हणजे मला हायच कॅन्सर.”

मंजुळा हसली, मीही हसलो, आणि आत चंपाही हसली असावी, कारण कडी वाजली. पण दार उघडायच्या आधी तिनं अट घातली. “तुकडा तुझ्या यंत्रात जाणार असंल तर येते. नि तुझं यंत्र काय बोललं ते मला तू सांगायचं. डॉक्टर नाय, तू.”

“सांगते,” मंजुळा म्हणाली. दार उघडलं. अंगभर वैरण लागलेली चंपा बाहेर आली आणि मलाच ओरडली, “बघत काय बसलायस? पोरीला पाणी दे!”

मुंबईत आमच्या वाडीच्या मंडळाची एक खोली आहे, कामाला गेलेली आमची पोरं तिथं राहतात. आम्ही तिथंच उतरलो. पुतण्या सोमा तिथला जुना रहिवासी. त्याचं आणि मंजुळाचं एक जुनं भांडण होतं, तेही सांगतो. दवाखान्यात काढलेले तुकडे सुकू नयेत म्हणून मंजुळा ते बंद बाटलीत घालून, बर्फाच्या थर्मासमधून आपल्या संस्थेत न्यायची. एकदा वाटेत खोलीवर थांबली, तर सोमानं थर्मास उचलला. “अगो मंजू, चाय आणलीस? एकदम टाइमावर आलीस बघ!” कप पुढं केला, झाकण फिरवलं, आणि आतली बाटली दिसताच सोमा जो जिन्याखाली गेला तो संध्याकाळी परत आला. तेव्हापासून तो थर्मास दिसला की चहाच नको म्हणतो.

चंपाची गाठ काढली. एक भाग दवाखान्याच्या डॉक्टरांनी मायक्रोस्कोपखाली तपासला, आणि त्यांना विचारून मंजुळानं एक छोटा तुकडा आपल्या थर्मासमधून नेला. डॉक्टरांचा निकाल आला, साधी गाठ, कॅन्सर नाही. खोलीवर सोमानं बोंबील भाजले, चंपानं कॉटवर बसून भाकऱ्या कशा चुकल्यात ते सगळ्यांना सांगितलं. मग म्हणाली, “मंजू, तुझं यंत्र काय बोललं गो?”

“सांगते नंतर,” मंजुळा म्हणाली. तिच्या पुढ्यातला बोंबील तसाच होता.

मी तिला गॅलरीत घेऊन गेलो. “काय झालं?”

“आजा, यंत्र कॅन्सर म्हणतंय.”

मी तसाच आत चंपाकडं जायला वळलो. तिनं मला धरून बसवलं. “घाबरू नको. मी डॉक्टरांना परत बघायला लावलं. त्यांनी सगळी गाठ परत तपासली. आत्याला काय नाय. यंत्र चुकलंय.”

“मग हसायचं सोडून रडतेस कशाला?”

“माझ्या प्रबंधात लिहिलंय, माझ्या मोजणीनं कॅन्सर ओळखता येतो. सर म्हणतात, एखादा आकडा सगळ्यांचाच भरकटतो, सोडून दे. पण आजा, हा आकडा आत्याचा हाय.”

तिनं तो सोडला नाही. दवाखान्यातून साध्या गाठींचे आणखी तुकडे मागवले. आधी तिनं मोजल्या होत्या त्या कॅन्सरच्या गाठी आणि बाजूचं निरोगी मांस. साध्या गाठी फारशा कुणी मोजल्याच नव्हत्या. आता मोजल्या, तर त्यांतल्या कितीतरी कॅन्सरसारखाच आकडा देत होत्या. लिहून झालेला प्रबंध तिनं परत लिहिला. आधी त्यात होतं, यंत्र ओळखतं. आता आलं, नुसत्या या आकड्यावर ओळखता येत नाही. सर कुरकुरले, पण सही केली. चंपाला मात्र तिनं सांगितलं नाही. मला म्हणाली, आत्यानं यंत्राचा शब्द ऐकला तर डॉक्टरांवर तिचा विश्वास बसायचा नाय, जन्मभर छाती चाचपत बसंल.

पुढच्या वर्षी तिची तोंडी परीक्षा आली. ती खुली असते, कुणीही येऊन बसावं, असं तिनं सहज बोलताना सांगितलं. कुणीही म्हटल्यावर आम्ही गेलोच. मी, चंपा, सोमा आणि मंडळाची आठ-दहा माणसं, धुतलेल्या कपड्यांत, दुसऱ्या रांगेत. पहिली रांग साहेबलोकांची.

मंजुळा तासभर इंग्रजीत बोलली. मग पुण्याहून आलेले परीक्षक प्रश्न विचारायला लागले. जाडजूड चष्मा, चेहरा एकदम कोरा. सोमा माझ्या कानात मराठी करत होता. “साहेब बोलतायत, तुमची मेथड कॅन्सर ओळखत नाय, असं तुम्हीच लिवलंय. मग डिग्री कशाची द्यायची?” मंजुळानं उत्तर दिलं, आकडे दाखवले. परत तोच प्रश्न, परत आकडे. चष्म्याचा चेहरा काही हलेना. तिचा पदर तिच्या मुठीत गेला होता, ते मला दुसऱ्या रांगेतूनही दिसत होतं.

अध्यक्षांनी विचारलं, सभेत कुणाला काही विचारायचंय का? सगळे गप्प. तिकडची रीत अशी की ते नावापुरतं विचारायचं आणि सगळ्यांनी उठायचं. आमच्या वाडीची रीत उलटी. आमच्या बैठकीत बोलणाऱ्याला कुणीच काही विचारलं नाही, तर त्याचं म्हणणं लोकांना पटलं नाही असं धरतात. आम्हा दुसऱ्या रांगेला घाम फुटला. आपल्या पोरीचं बोलणं असं पडू द्यायचं? मी खाकरून घसा साफ करतोय, तोवर चंपा उभी राहिली.

“साहेब, मी चंपाबाई, हिची आत्या. माझ्या गाठीचा तुकडा हिनं यंत्रात घातला होता. यंत्र काय बोललं ते सांगते म्हणून कबूल झाली होती. वरीस झालं, सांगत नाय. विचारलं की विषय बदलते. आता एवढी माणसं बसलीत, पळशील कुठं? बोल गो मंजू!”

सभा हसली. मंजुळाचे सर खाली बघायला लागले. मंजुळा एकदा चंपाकडं बघे, एकदा परीक्षकांकडं. अध्यक्ष म्हणाले, हे राहू द्या. पण पुण्याचे साहेब पुढं वाकले आणि पहिल्यांदाच मराठीत बोलले. “नाही, बाईंचा प्रश्न बरोबर आहे. उत्तर द्या. त्यांना कळेल असं द्या.”

तिच्या उत्तरानंतर काय झालं ते आधी सांगून टाकतो. साहेबलोक आत गेले, आणि आमचा चहा निवायच्या आत बाहेर येऊन त्यांनी पदवी जाहीर केली. पुण्याचे साहेब माझ्याजवळ येऊन म्हणाले, “आजोबा, इंग्रजीत तिनं मला आकडे सांगितले. काम काय केलंय ते मला तुमच्या लेकीमुळं कळलं.” लेक तेव्हा तिसरा बटाटेवडा खात होती. घाबरली वगैरे काही नाही. उलट म्हणाली, “मला वाटलंच होतं. करंगळीएवढ्या भोकातून त्याला दिसणार तरी काय?” आता अख्खा माणूस झोपवून आतलं चित्र काढणारं यंत्र आपल्या देशातही आलंय, मंजुळा त्याच कामात आहे. चंपा अजून रोज मला ओरडते, तब्येत ठणठणीत.

तर मंजुळानं हातातला खडू खाली ठेवला, इंग्रजी बाजूला ठेवलं, आणि भर सभेत आत्याला जे सांगितलं ते हे, शब्दाला शब्द:

“आत्या, माझं यंत्र कॅन्सर बोललं, नि ते चुकलं. डॉक्टर बोलले तेच खरं, तुला काय नव्हतं, आजपण नाय. तुझ्या गाठीत पाणी जास्ती होतं, नि पाणी जास्ती असलं की माझ्या यंत्राला साधी गाठपण तशीच दिसते. हे मला तुझ्यामुळं कळलं, मग बाकीच्या बायांच्या गाठी मोजून मी खात्री केली. तू घाबरशील म्हणून बोलले नाय. तू गोठ्यात हट्ट धरलास तसं मी नुसत्या यंत्राचं ऐकलं असतं, तर काय नसताना तुला कॅन्सर सांगून बसले असते. उद्या दुसऱ्या कुठल्या पोरीनं असं यंत्र केलं, तर तिला हे आधीच ठाऊक पायजे, म्हणून लिहिलंय. नि तुला परत कधी गाठ लागली तर सवला जायचं नाय, गोठ्यात जायचं नाय, मला सांगायचं, मी येते संगती. आता खाली बस, साहेबांना चहा प्यायचाय.”