दाजींची आरोळी

आमचे दाजी, म्हणजे ताईचे यजमान, मोबाईलच्या दुकानात बसून लोकांच्या मेमरी कार्डात गाणी भरून द्यायचे. मी त्यांच्या हाताखाली काम करायचो. गाणं दुसऱ्याचं, गळा दुसऱ्याचा, गाणाऱ्याला दमडी नाही, वर प्रत्येक गाण्याच्या मध्ये यांच्या आवाजातली आरोळी, "दाजी मोबाईल! चौकात या!" कशासाठी, तर दुसऱ्या दुकानदाराने गाणी ढापू नयेत! मी हटकलं की म्हणायचे, "अरे, गाणं काय झिजतं का? ज्याचं त्याच्याकडे राहतंच की!"

शेजारच्या वेल्डरची बायको स्टेजवर गायची. घशाच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिने स्वतः रचलेलं गाणं स्वयंपाकघरात म्हटलं आणि त्याने ते फोनवर रेकॉर्ड करून घेतलं. ऑपरेशननंतर तिचा आवाज गेला तो गेलाच. पुढे फोन कुरकुरायला लागला, तेव्हा ते गाणं नव्या फोनमध्ये घालून घ्यायला वेल्डर आमच्याकडे आला. दाजींना गाणं आवडलं. न विचारता त्यांनी त्यात आरोळी घातली, घाईत ते मूळ गाण्यावरच सेव्ह केलं आणि जुन्या फोनमधलं सगळं पुसून तो भंगारात टाकला. मग तेच गाणं गावभर वाटलं.

वेल्डरला ते ऐकायचा धीर होत नव्हता. एक दिवस ते टॅक्सीत वाजलं. त्याने आपला फोन उघडला, तर तिथेही आरोळी.

त्याने दुकानात शिरून दाजींचं डोकं काचेच्या कपाटावर आपटलं. "तुझ्या बोंबेशिवायचं दे!"

दाजी कॉम्प्युटर धुंडाळत होते, कपाळाचं रक्त कीबोर्डवर गळत होतं. "नाही रे... तेवढंच आहे."

वेल्डरने ठोसा मारला. जबडा मोडल्याचा कडकन आवाज मी ऐकला. सोडवायला गेलो तर त्याचं कोपर माझ्या तोंडावर बसलं. दाजी खाली पडले तरी तो लाथा घालतच होता. दाजी जिवंत राहत नाहीत, असं मला वाटलं.

तेवढ्यात त्याची बायको धावत आली आणि त्याच्या दंडाला लोंबकळली. ती जिवाच्या आकांताने ओरडत होती, पण उघड्या तोंडातून नुसता वारा येत होता. ते तोंड पाहून तो मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला.

दाजींचा जबडा आता तारेने बांधलाय. रस्त्यावरून टॅक्सी जाते, त्यात वेल्डरच्या बायकोचं गाणं वाजतं, मध्येच दाजींची आरोळी येते. दाजी ताईला खिडकी लावायची खूण करतात.

वेल्डरच्या घरची खिडकी मात्र उघडी असते. टॅक्सीचा आवाज आला की त्याची बायको काम टाकून तिथे येते आणि आरोळीसकट सगळं ऐकते.