झाडू ठेवायचा कोपरा

आमच्या चर्चला आम्ही ख्रिस्ती माणसं देऊळच म्हणतो. नेसरीच्या वाटेवरचं लहानसं देऊळ. भिंती काळ्या दगडाच्या, वर मंगलोरी कौलं, आतून चुन्याचा गिलावा. बांधून घेतलं मिशनच्या साहेबांनी, पण गवंडी इथलेच. माझ्या सासऱ्यांच्या वडिलांनी हा गिलावा घोटला होता. सासरेही गवंडी. ते म्हणायचे, "चुन्याची भिंत श्वास घेती. तिचं तोंड दाबू नये."

दर नाताळाआधी आम्ही बायका चुना लावायचो. पिंपात आठवडाभर भिजलेला चुना, त्यात डिंक नि चिमूटभर नीळ. बायका भिंतीला टेकून बसत, म्हणून उपासना सुटली की सगळ्यांच्या पाठी पांढऱ्या.

नव्वद सालानंतर कधीतरी कमिटीनं आतून ऑइलपेंट मारला. पाठी पांढऱ्या होईनात, बायका खूश. मीही. पण पुढच्या पावसाळ्यात रंगाला फुगे आले, ओल धरली. सेक्रेटरी म्हणाले, "गिलावाच कुजलाय. पुढच्या वर्षी सगळा फोडून सिमेंट करू."

मला सासऱ्यांचं बोलणं आठवलं. गिलावा कुजला नव्हता, रंगानं त्याचं तोंड दाबलं होतं. देवळातली झाडलोट माझ्याकडे, पण चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते. आणि चौथी शिकलेली बाई कमिटीला काय सांगणार?

उन्हाळ्यात मी दाराआडच्या कोपऱ्यातला रंग रोज थोडा खरवडला. ती झाडू ठेवायची जागा, तिकडं कुणी बघत नाही. माझा हात पोचेल तेवढी भिंत मोकळी झाली, तिला चुना दिला. मग पावसाची वाट बघत बसले.

पाऊस उघडल्यावर सभा भरली. सिमेंटचा विषय निघाला तशी मी उठले.

"झाडूच्या कोपऱ्यात या," एवढंच बोलले.

"आता झाडू बघायचा व्हय, वैनी?" सेक्रेटरी हसले. सगळेच हसले. पण आले. त्यांनी भिंतीला तळहात लावला, मग शेजारच्या रंगाला, पुन्हा कोपऱ्याला.

"कोरडी हाय की ही! कुणी केलं?"

मी हात वर केला, शाळेत करायचे तसा.

गिलावा राहिला. रंग खरवडून पुन्हा चुना द्यायला दोन महिने सगळे राबले. त्या नाताळात सेक्रेटरींची बायको दारात मला म्हणाली, "तुझ्यापायी माझी नवी साडी गेली बघ!"

मी तिची पाठ झटकून दिली.