शनिवारचं रिस्टोअर

पोलोग्राउंड औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यातला शनिवार आठवला की आधी गरम कचोरीचा वास येतो आणि मग काकांची हाक. काका म्हणजे आमचे ड्राफ्ट्समन. डाळमिलच्या ज्या जुन्या यंत्रांचे सुटे भाग बाजारात मिळेनासे झाले होते, ते आम्ही बनवायचो, आणि प्रत्येक भागाचं ड्रॉइंग काकांच्या हातचं असायचं. ती सगळी स्कॅन करून मी क्लाउडमधल्या एका व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे इंटरनेटवरून वापरायच्या भाड्याच्या कॉम्प्युटरवर, ठेवली होती. कारखान्यात कॉम्प्युटरचं बघणारी मी एकटीच.

बॅकअप रोज आपोआप व्हायचा. एक प्रत जवळच्या डेटा सेंटरमध्ये, दुसरी लांबच्या, तीही वेगळ्या खात्यात, म्हणजे एकाच चुकीने दोन्ही जायला नकोत. सकाळी हिरव्या खुणेची ईमेल आली की माझ्या लेखी काम संपलं. काकांचं समाधान मात्र होत नसे.

"ही हिरवी टिक मला नको दाखवू, बेटा. बॅकअपमधून मशीन परत उभी कर आणि कोणतं पण एक ड्रॉइंग खोलून दाखव. फिर मानूंगा."

मग दर शनिवारी मी बॅकअपवरून नवी मशीन उभी करायचे. तासभर लागायचा. तेवढ्यात कचोऱ्या संपायच्या आणि काका एखाद्या गिअरची अख्खी कुंडली मांडायचे: देपालपूरच्या कुठल्या मिलमध्ये तो तुटला, कोणी पोत्यात घालून आणला, किती दिवस मिल बंद होती. मी कुरकुरत ऐकायचे. खरं सांगते, तेव्हा त्यांचा रागच यायचा. आज त्या एका तासासाठी जीव तुटतो.

काका निवृत्त झाले. जाताना त्यांनी नव्याने काढलेली बारा ड्रॉइंग्ज माझ्या हातात दिली. जुनी डिस्क भरली होती, म्हणून मी मशीनला दुसरी जोडली, त्यावर ती स्कॅन करून टाकली आणि कागद रद्दीत घातले. नवी डिस्क बॅकअपच्या यादीत घालायची मात्र राहिली. हिरवी खूण येत राहिली. जुन्या डिस्कपुरती ती खरीच होती. शनिवारचं रिस्टोअर मी काका निवृत्त झाले त्या आठवड्यापासूनच बंद केलं होतं. एकदा जरी केलं असतं तरी लक्षात आलं असतं. पुढे साफसफाई करताना मीच ती डिस्क बिनकामाची समजून डिलीट केली.

मी काकांच्या घरी गेले आणि सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी कागद मागवला, पण पेन्सिल माझ्या हातात दिली.

"तू काढ, मी बोलतो," ते म्हणाले.

ते मापं सांगत गेले, मी रेघा ओढत गेले. सात भाग भराभर उतरले. आठव्याला ते थांबले आणि कपाळ चोळत बसले.

"दाते किती होते, काका?"

त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल हळूच काढून टेबलावर ठेवली.

"अब नहीं है मेरे पास. म्हणून तर तुझ्याकडे ठेवायला दिलं होतं, बेटा."