सटवाजीनं भिजवलेली नाव

येलदरी धरणाच्या पाण्यावर सटवाजी भोयाला कुणाचंच काही पटत नसे. थर्माकोलवर बसून जाळं टाकणारी पोरं त्याच्या लेखी माणसांतच जमा नव्हती. आणि जावई मल्हार? मेंढरं राखणाऱ्याच्या घरातला गडी, लेक दैवशालानं स्वतः पसंत केलेला. त्याच्याकडं बघतानाही सटवाजी एकच डोळा खर्च करी.

त्या मल्हारनं भंगारातून ॲल्युमिनियमची छोटी नाव आणली. आत पत्र्यावर अंथरलेल्या फळ्या कुजलेल्या, रिबिटं सैल. दिवाळीआधी ती पाण्यात उतरली तर मासेमारीवर भागेल, नाहीतर आम्ही दोघं ऊसतोडीला जाणार, असं दैवशालानं बापाला सांगून टाकलं. लेकीनं जावं असं सटवाजीला मुळीच वाटत नव्हतं. तोंडात मात्र आली ती कुचेष्टाच.

"जावईबापू, ह्या जर्मनच्या पातेल्यात मासे धरणार का भात शिजवणार?"

मल्हार हसला. त्यानं एकेक रिबिट ठोकून घट्ट केलं, आंब्याच्या नव्या फळ्या कापल्या आणि मधे बोटभर फट ठेवून मांडल्या.

"फटी कशाला?" सटवाजी गरजला. "मेंढरांचा वाडा बांधायलाव का?"

"मामा, लाकूड पाणी पितंय..."

"मला लाकूड शिकवायलाव तुमी? लाकडाच्या नावेत जन्म गेला माझा!"

मल्हारनं सासऱ्याचा मान राखला. फळीला फळी भिडवून स्क्रू आवळले आणि तो जिंतूरला मजुरीला गेला. आता रंगमंच सटवाजीला मोकळा! हंगामाआधी लाकडी नाव काठाला बुडवून ठेवायची, म्हणजे लाकूड फुगून सांधे बंद होतात, ही त्याच्या बापाची रीत. त्यानं नावेत दगड भरून ती बुडवली. पत्र्यालाही फुगायला लावणारा असा कारागीर पंचक्रोशीत दुसरा नव्हता. टाळी मिळाल्यागत तो काठावर मिशीवर हात फिरवत उभा राहिला.

चार दिवसांनी नाव वर काढली. पत्रा होता तेवढाच होता. फळ्या मात्र फुगून, एकमेकींना रेटून उंटाच्या पाठीसारख्या उठल्या होत्या, आणि स्क्रू पत्रा फाडून बाहेर आले होते.

"आबा, झालं समाधान?" दैवशाला म्हणाली. "आमी जातो ऊस तोडायला." ती आत जाऊन भांडी बांधू लागली.

मल्हार आला, त्यानं नाव पाहिली. सटवाजी वाट बघत होता की हा निदान एक शिवी तरी हासडेल. मल्हारनं तेवढीही मेहेरबानी केली नाही.

शेवटी सटवाजीच उठला. "फळ्या काढा, पत्र्याला ठिगळं मारा. वाळल्या की फटी पाडा. बोटभर कशाला, मेंढरू जाईल एवढ्या पाडा! पण ऊसबिस काय न्हाई. हितंच ऱ्हायचं."

"मामा, हे सांगायलाव का इनंती करायलाव?"

सटवाजीनं धरणाकडं तोंड फिरवलं. "इनंतीच म्हणा. पण लय मोठ्यानं न्हाई."

आतला भांड्यांचा आवाज थांबला. मल्हार फळी उचलायला वाकला. सटवाजीनं दुसरं टोक धरलं आणि लगेच, जावयाला साधी फळीही धरता येत नाही म्हणून, नावं ठेवायला सुरुवात केली.