माळ आणि गोळ्या

गेल्या सोमवारी मी दहालाच वर्ध्याच्या बसस्टँडवर जाऊन उभी राहिले. आंजीची बस साडेदहाची, पण घरात चैन पडेना! माझा धाकटा भाऊ त्या दिवशी पहिल्यांदाच आंजीहून एकटा दवाखान्यात यायचा होता. आनंद इतका, की बोरगावच्या माझ्या घरून मला स्टँडवर आणणाऱ्या ऑटोवाल्यालाही मी ते सांगून टाकलं.

त्याच्या कानात माणसं बोलतात. ती गप्प बसावीत म्हणून तो दारू प्यायचा. आमचा जिल्हा दारूबंदीचा, तरी पिणाऱ्याला मिळायची ती मिळायचीच. दोन वर्षांपूर्वी आम्ही त्याच्या गळ्यात तुळशीची माळ घातली. माळ घातली की नशा सुटली, एवढंच आमचं शास्त्र. डॉक्टरांनी त्या आवाजांसाठी दिलेल्या गोळ्यांनी त्याला गुंगी यायची. मी म्हटलं, ही पण नशाच! आणि सगळ्या गोळ्या या शहाण्या हातांनी उकिरड्यावर फेकल्या.

महिन्याभरात आवाज परतले, मागोमाग दारूही. माळ बाटवली म्हणून मी त्याला चारचौघांत वाट्टेल ते बोलले. त्याची मला अजून लाज वाटते.

वर्षभर असंच चाललं. मग नव्या डॉक्टरीणबाईंनी मलाच झापलं. "आजार दोन आहेत. दोन्हींवर एकदमच इलाज करावा लागतो. माळ राहू द्या, गोळ्याही राहू द्या." तेव्हापासून आठ महिने त्यानं दारूला हात लावलेला नाही.

साडेदहाची बस आली. तो उतरला नाही. फोनही बंद. वाटेत कुठं उतरला असेल ते मी मनात ठरवूनच टाकलं.

पुढच्या बसमधून तोच सगळ्यांत आधी उतरला. मी तिथंच ओरडले, "कुठं गेलता? फोन काऊन बंद?"

"बॅटरी संपली, ताई. सकाळची गोळी घ्याची राह्यलती. फाट्यावर आठवलं, मंग वापस घरी गेलतो."

"अन् आवाज?"

"येतेत ना. आजबी म्हणे, बसमध्ये चढू नोको. मी चढलो."

मी भर स्टँडवर रडायला लागले, हसायलाही लागले. त्यानं खिशातून गोळ्यांची पट्टी काढून दाखवली. बघायला म्हणून मी हात पुढे केला, तर त्यानं ती झटकन परत खिशात घातली.

"तुह्या हाती नाई देत," तो म्हणाला.