दीवचा किल्ला आणि नानांची वांगी

आमच्या घराण्यात प्रवासाला निघताना एखाद्याचे कपडे राहतात, एखाद्याची औषधं राहतात, पण वांगी कधी राहत नाहीत. हिवाळा लागला की अमळनेरपासून भुसावळपर्यंत माणसं शेतात जमतात, कपाशीच्या वाळक्या काड्यांवर वांगी भाजतात, होडीसारख्या लांबट लाकडी बडगीत ठेचतात आणि पुऱ्यांबरोबर भरीत खाऊन तिथेच आडवी होतात. याला आमच्याकडे सहल म्हणतात. मला मात्र यंदा या प्रकाराची लाज वाटत होती, कारण लेकीसाठी भुसावळच्या प्रतिष्ठित घरचं स्थळ आलं होतं.

मुलाचे वडील रेल्वेतून निवृत्त झालेले. मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत होती, पण वडिलांनी होकार अडवून धरला होता. त्यांचं म्हणणं असं, की दोन्ही घरांनी एकदा एकत्र प्रवास करावा, त्याशिवाय माणसं कळत नाहीत. (उभा जन्म रेल्वेत काढलेला माणूस दुसरं काय सुचवणार?) मी तात्काळ दीव बेट सुचवलं. मी शाळेत इतिहास शिकवतो. माझं बोलणं ऐकण्याची सक्ती आजवर फक्त नववीच्या वर्गाला होती, आता ती व्याह्यांना करायची संधी चालून आली होती. पोर्तुगीजांचा किल्ला, जुनी चर्चं, समुद्राच्या लाटांत न्हाणाऱ्या गंगेश्वराच्या पिंडी! मी महिनाभर वाचन केलं आणि घरात फर्मान काढलं, की ही सांस्कृतिक सहल आहे, भरीत पार्टी नव्हे. एकही वांगं गाडीत चढता कामा नये.

माझे थोरले बंधू नाना यावर काहीच बोलले नाहीत. नाना गप्प बसतात तेव्हा त्यांनी ऐकलेलं नसतं, हे मला पन्नाशी उलटल्यावर तरी कळायला हवं होतं. गाडीच्या टपावर ताडपत्रीत गुंडाळलेलं लांबलचक काहीतरी होतं. मी विचारलं तर म्हणाले, सतरंजी शे. सतरंजी अख्ख्या गुजरातभर टपावर कडकड वाजत होती, तरी मला शंका आली नाही. मी व्याह्यांना पोर्तुगीजांचं आरमार समजावून सांगत होतो.

पहिल्या दिवशी मी चर्च दाखवलं. कोरीव लाकूडकामावर बोलता बोलता वेळेचं भान राहिलं नाही. व्याही डोळे मिटून ऐकत होते, मी ते तल्लीनतेचं लक्षण समजलो. मध्येच त्यांचं डोकं बाकावर आपटलं, ते मी भक्तिभावात जमा केलं.

दुसऱ्या दिवशी किल्ला. नानांचे गुडघे अचानक दुखू लागले, म्हणून ते खाली थांबले. त्यांची सोबत करायला माझी बायको थांबली, तिची सोबत करायला विहीणबाई थांबल्या. मुलगा आणि माझी लेक 'तोफा बघून येतो' म्हणून गेली ती गेलीच. राहिलो मी आणि व्याही. मला याहून चांगला श्रोता मिळणार नव्हता, त्याला पळायला जागाच नव्हती.

तटावर उभा राहून मी समुद्रातला पाणीकोठा नावाचा छोटा किल्ला दाखवत होतो, तेवढ्यात खालून धुराची रेघ वर आली. व्याह्यांनी विचारलं, हा धूर कसला? मास्तरला 'माहीत नाही' म्हणता येत नाही, हा आमच्या धंद्यातला जुना रोग. मी सांगून टाकलं, की पूर्वी गलबतांना इशारा द्यायला असा धूर करत आणि इथले कोळी ती परंपरा आजही जपतात. व्याह्यांनी मान हलवली. मला स्वतःलाच ते इतकं पटलं, की मी त्यात दोन वाक्यांची भर घातली.

मग ठसका आला. आधी त्यांना, मग मला. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. मी खोकत खोकतच सांगितलं, की तोफांची दारू शतकानुशतकं या दगडांत मुरली आहे, ऊन तापलं की ती नाकाला झोंबते. त्यानंतर खालून ठप ठप असा आवाज सुरू झाला. तटाखाली भुयार आहे, त्यात लाटा आपटतात, असं मी म्हणालो.

व्याह्यांनी रुमालाने डोळे पुसले आणि शांतपणे म्हणाले, "मास्तर, तुमच्या लाटा मिरच्या ठेचू राहिल्या."

मी तटावरून खाली वाकलो. किल्ल्याबाहेरच्या खडकांवर नाना मांडी घालून बडगीत भरीत ठेचत होते. (गुडघे एकदम ठणठणीत!) बायको वांगी सोलत होती आणि विहीणबाई, भुसावळच्या प्रतिष्ठित विहीणबाई, फुंकणीशिवाय जाळ फुंकत होत्या. तेवढ्यात किल्ल्याचा पहारेकरी धावत आमच्यापाशी आला. ती खालची माणसं तुमच्याबरोबरची का, असं त्याने हिंदीत विचारलं. माझ्या डोळ्यांपुढे लेकीचं मोडलेलं लग्न उभं राहिलं. मी म्हणालो, नाही, आम्ही यांना ओळखत नाही.

खालून नानांचा आवाज आला, "सुऱ्या, मीठनी पुडी तुन्या पिशवीमा शे का? बठ्ठा लोके उपाशी शेतस. तुना इतिहास मंग सांगजो!"

पहारेकऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी समुद्राकडे पाहिलं. पिशवीत हात घातला तर पुडी खरंच होती. बायकोने ती माझ्या पोर्तुगीजांच्या टिपणांत गुंडाळली होती.

पुढचं सगळं पहारेकऱ्याच्या देखरेखीखाली झालं. जाळ विझवला, राख आणि उरलेल्या काड्या पोत्यात भरल्या, सर्वांच्या वतीने मी माफी मागितली. (ओळखत नसलेल्या माणसांसाठी एवढं कोण करतं?) मग दूर रस्त्याकडेला बसून आम्ही भरीत खाल्लं. व्याही खाली मान घालून खात होते. लेक माझ्याकडे बघत होती आणि तिच्याकडे बघायची माझी छाती होत नव्हती.

तिसऱ्यांदा भरीत वाढून घेतल्यावर व्याह्यांनी तोंड उघडलं.

"खरं सांगतो मास्तर, काल चर्चमधून निघालो तेव्हाच मी हिला म्हटलं होतं, हे स्थळ नको. आपला पोरगा दिवाळसणाला यांच्याकडे गेला तर त्याचं काय होईल? पण आज नाना बघितले. घरात एक माणूस शहाणा असला तरी पुरतं. आपली सोयरीक पक्की. अट एकच, लग्नात तुम्ही भाषण करायचं नाही."

मी आनंदाने रडलो. लोकांना वाटलं, मिरची लागली.

लग्न थाटात झालं आणि मी अट अक्षरशः पाळली. तरी मंगलाष्टकं संपताना भटजी 'सावधान' म्हणाले, तेव्हा वऱ्हाडातल्या सगळ्यांनी नवरा-नवरीकडे पाहिलं. व्याह्यांनी तेवढं माझ्याकडे.